भोंग्यानंतरचा तांब्या

मंगळवार, मार्गशीर्ष, १९३६

धारवाडहून सकाळीच माहेरी आले. नदीकाठची जुनी पेठ तशीच आहे. संध्याकाळी गिरणीचा भोंगा झाला की बायका आपापल्या दारात, कामावरून येणाऱ्या माणसाला पाय धुवायला पाण्याचा तांब्या ठेवतात. मीही उठून ठेवला. यांची गिरणीत नोकरी होती तेव्हा याच गल्लीत राहत होतो, रोज ठेवायची.

भावजय हसली, "तुमचे भाऊ तर हुबळीला गेलेत. कुणाची वाट बघताय, अक्का?" मग तिच्या लक्षात आलं. चुलीपाशी गेली.

यांना जाऊन इतकी वर्षं झाली. हात कसे विसरत नाहीत?

गल्ली माणसांनी भरली, रिकामी झाली. तांब्या तसाच. ओतून टाकवेना. शेवटी पायरीवर बसून त्या पाण्याने मीच माझे पाय धुतले.