भट्टीच्या राखेचं कलम

मी, यमुनाबाई गेनू ठुबे, वय अठ्ठ्याहत्तर, राहणार खडकमळा, तालुका पारनेर, पूर्ण शुद्धीत, कुणाच्या दटावण्याशिवाय हे लिहिते. शाळा तिसरीपर्यंत, तेव्हा वेलांटी चुकली तर वकीलसाहेबांनी हसू नये. आज मी लई खुशीत हाय. नात स्नेहल नगरला प्रयोगशाळेत नोकरीला लागली. कागदावरचा डाग तिच्या पेढ्याचा. पण लिहायला बसवलं ते लाजेनं.

१. स्लॅबचं घर मुलगा बजरंग याला. ते शिशावर उभं राहिलं. आमच्या रानात जुन्या बॅटऱ्या फोडायच्या, भट्टीत शिसं वितळवायचं, नगरला विकायचं. आठ घरांना रोजगार मिळाला, मला मान मिळाला. बॅटरीचं तेजाब ओढ्याला गेलं, काठचे लिंब वाळले. मी म्हणाले, "ऊन लागलं आसंल." भट्टी बंद करून वर्ष झालं, तिथं अजून गवत उगवत नाही.

२. भट्टीचे वीस गुंठे कुणाला विकू नयेत. बजरंगा, गिऱ्हाईक पाया पडलं तरी नाही.

३. बोरमाळ स्नेहलला. नथ नणंदेनं मागितली तरी देऊ नये. माझ्या लग्नात तिनं पुरणपोळ्या मोजून वाढल्या होत्या.

४. आता खरं. भट्टीची राख मऊ, पितळ आरशासारखं निघायचं. मी पाटी भरभरून शेजारच्या गोजरबाईला द्यायचे. दोन वर्षं त्यांच्या घरची भांडी त्या राखेनंच घासली. त्यांची नात ज्ञानेश्वरी शेजारी बसून राखेत रेघोट्या ओढायची, बोटं चोखायची. आता सहा वर्षांची आहे. पोट दुखतं, अंगात रक्त नाही, शिकवलेलं डोक्यात राहत नाही. गोजरबाई सुनेला बोलते, "सुरेखे, तुझ्या दुधातच कस नव्हता!" मी कुंपणाआडून ऐकत आले.

मागच्या आठवड्यात स्नेहलनं उरलेली राख तपासून आणली. "आजी, ह्यात शिसं हाय. लेकराच्या पोटात गेलं तर असंच हुतं." तरी मी चार दिवस गप्प. काल पेढे द्यायला गेले, तर सुरेखा माझ्याच पाया पडली. तिथं जमीन दुभंगावी असं झालं.

सुरेखाचा दोष नाही. दोष माझ्या पाटीचा.

५. वरच्या अंगाचं बोअरचं एक एकर ज्ञानेश्वरीच्या नावे.

मृत्युपत्र मेल्यावर वाचतात. तोवर पोरगी कशी थांबंल? उद्या स्नेहल तिला रक्त तपासायला नगरला नेणार. म्हणून साक्षीला गोजरबाईलाच बोलावलं आणि चौथं कलम दोनदा वाचून दाखवलं. वाटलं, शिव्या देईल. तिनं कुंपणाकडं तोंड करून हाक मारली, "सुरेखे, इकडं ये बाई. माझ्याजवळ बस." आणि अंगठ्याला शाई मागितली.

ठिकाण : खडकमळा
तारीख : १२ जानेवारी २०२५

सही : यमुनाबाई गेनू ठुबे

साक्षीदार :
१. अंगद राम औटी, पोस्टमन (सही)
२. गोजरबाई कारभारी पठारे, निशाणी डावा अंगठा, दस्तूर सून सुरेखा