खंडेनवमीची रांग

।। श्री ।।
जयेंद्रगंज, लष्कर, ग्वाल्हेर
ता. २ सप्टेंबर १९५१

चि. उषास दादाचे अनेक आशीर्वाद.

नगरच्या मिशन दवाखान्यात तुला मुख्य नर्स केलं हे वाचून तुझ्या मंदावहिनीने आळीत साखर वाटली. हुकूम सोडणारं आणखी एक माणूस आपल्या घरात तयार झालं, आता माझं कोण ऐकणार!

इकडची हकीकत चांगली नाही. संस्थानची फौज भारतीय सैन्यात विलीन झाली. धाकट्या दौलतला ठेवून घेतलं, मला घरी पाठवलं. तपासणीच्या वेळी डॉक्टरने माझ्या दुखऱ्या गुडघ्याचं विचारलं. दौलतशिवाय त्याला कोण सांगणार? ज्याला मी बोट धरून रिसाल्यात नेलं, त्या धाकट्या भावानेच हे करावं! दसरा झाला की तो पुण्याच्या पलटणीत निघतो आहे. जाऊ दे. आबांच्या मागे घरच्या तलवारी माझ्या ताब्यात आहेत. यंदा खंडेनवमीला त्याची तलवार पूजेच्या रांगेत लागणार नाही, हे बिलकुल पक्कं.

मंदा रडते. मुलं मला भिऊन असतात. मी रोज सकाळी परेडचे बूट घासतो आणि परत कोपऱ्यात ठेवतो.

आहे तो लोभ कमी होऊ देऊ नकोस.
तुझा,
मल्हारदादा

अहमदनगर
ता. ११ सप्टेंबर १९५१

ती. दादास उषाचा सा. न. वि. वि., आणि आमच्या ख्रिस्ती मंडळीच्या रीतीने सलामही.

ज्याची तलवार रांगेत नाही तो घराचा नाही, हाच ना अर्थ? मला तो पुरता ठाऊक आहे. लहानपणी नवमीच्या आदल्या दिवशी विटकरीची पूड आणि तेल घेऊन सगळ्या तलवारी मीच घासायची. बाप्तिस्मा घेतला त्या वर्षी आबांनी माझ्या हातातलं फडकं काढून घेतलं. बारा वर्षं झाली, तरी नवमी आली की हात रिकामे वाटतात.

तेव्हा मला आबाच शत्रू वाटायचे. मग बायबलातलं पौलाचं पत्र वाचलं. तो स्वतः कैदेत, पहाऱ्याला शिपाई, आणि लिहितो काय, तर आपली लढाई हाडामांसाच्या माणसांशी नाहीच. माणसाला माणसाच्या अंगावर घालणारा जो दुष्ट आहे, त्याच्याशी आहे. त्यासाठी देवाकडची हत्यारं तो एकेक करून सांगतो: सत्याचा कमरपट्टा, नीतीचं चिलखत, शांतीचे जोडे, श्रद्धेची ढाल, तारणाचं शिरस्त्राण, आणि तलवार म्हणजे देवाचं वचन. येशूला रानात सैतानाने गाठलं, तेव्हा त्यानेही शास्त्रातलं वचन सांगून ही तलवारच चालवली. मला मात्र आबांना क्षमा करायला इतकी वर्षं लागली की तोवर ते गेले. ते दुःख अजून जात नाही. दादा, तू एवढा उशीर करू नकोस.

सोबत नव्या कराराचं लहान पुस्तक पाठवते, त्या पानावर खूण घातली आहे. हा सरंजाम फौजी नजरेला कसा वाटतो, ते कळव.

वहिनीस नमस्कार, मुलांना पापे.
तुझी,
उषा

।। श्री ।।
ग्वाल्हेर, ता. २२ सप्टेंबर १९५१

चि. उषास आशीर्वाद.

तुझ्या पौलाने शिपाई जवळून पाहिलेला दिसतो. पट्टा आधी, हे बरोबर. तो ढिला असला की बाकीचं सगळं लटकतं. शांतीचे जोडे मात्र आमच्या भांडारात कधी आले नव्हते!

थट्टा करतच एकेक नग स्वतःवर चढवून पाहू लागलो आणि पहिल्यालाच, त्या सत्याच्या पट्ट्याला, अडलो. डॉक्टरच्या खोलीला चार पायऱ्या होत्या. त्या मी लंगडत चढलो आणि तो खिडकीतून पाहत होता. दौलतने काही सांगितलं नाही. हे मला त्याच दिवशी ठाऊक होतं, उषे. राग काढायला कोणीतरी हवं होतं, ते घरातलंच सापडलं.

पण कळतं ते वळत नाही. धाकट्यापुढे मान कशी खाली घालू? तू प्रार्थना करतेस, तर माझ्यासाठी कर.

तुझा दादा

नगर, ता. ३० सप्टेंबर

ती. दादास सा. न. वि. वि.

घाईत कार्ड लिहिते. हत्यारं सांगून झाल्यावर पौलही म्हणतो, जागे राहा आणि प्रार्थना करा. करते आहे. तू फक्त दौलतच्या दारापर्यंत चाल. जोडे तेवढ्यासाठीच आहेत.

उषा

।। श्री ।।
ग्वाल्हेर, ता. १० ऑक्टोबर १९५१, दसरा

चि. उषास आशीर्वाद, आणि सोनं समजून हे पत्र घे.

काल नवमीला सकाळीच हजीऱ्याला, दौलतच्या बिऱ्हाडी, पायी गेलो. पाठ केलेलं सगळं दारातच विसरलो. पायऱ्यांवर मीच लंगडलो होतो, तुझ्यावर उगाच आळ घेतला, चुकलो, एवढंच म्हणालो. तो खाली वाकून माझ्या बुटांच्या नाड्या सोडू लागला, आत चल म्हणाला, आणि मला रडू आवरेना. परवा त्याला स्टेशनवर पोचवायला मी जाणार आहे.

त्याची तलवार रांगेत लागली. पण पूजा संपल्यावर बघतो, तर रांगेच्या शेवटी तुझं पुस्तक, त्यावर हळदकुंकू! मंदाला विचारलं, तर म्हणाली की वन्संनीच त्याला तलवार म्हटलं आहे, मग घरातली तलवार रांगेबाहेर कशी ठेवायची? तुमच्यात हे चालतं का? चुकलं असेल तर वहिनीला माफ कर.

तुझा दादा

नगर, ता. १८ ऑक्टोबर १९५१

ती. दादास सा. न. वि. वि.

पत्र वाचून आधी खूप हसले, मग रडले. आम्ही पुस्तकाची पूजा करत नाही, हे वहिनीला हळूच सांग. ही तलवार रोज उघडावी लागते, पाटावर ठेवून भागत नाही. पण ते कुंकू मात्र पुसू नका.

पुढच्या नवमीची रजा आजच मागितली. पूजेला मी बसणार नाही, ती तुम्ही करा. आदल्या दिवशी विटकरीची पूड आणि तेल काढून ठेव, तलवारी मी घासेन. फडकं मात्र तू तुझ्या हाताने माझ्या हातात दे.

तोवर मला मायेत राहू दे.
तुझी,
उषा