माझ्या ताटातला भात

४ डिसेंबर १९७९
भंडाऱ्याचे डॉक्टर रागावले. साखर वाढली, वजनही वाढलं. "काका, असंच चाललं तर किडन्या जातील!" जातील म्हणजे काय होईल, हे विचारायची छाती झाली नाही. निळ्या औषधाची बाटली आणि काचनळी दिली. औषधात लघवीचे थेंब टाकून उकळायचं — निळं राहिलं तर बरं, विटेसारखं लाल झालं तर साखर. नुसती लघवी उकळून पांढरी गढूळ झाली, तर किडनीचं दुखणं. आमचं गाव पवनी येईपर्यंत एसटीत घाम पुसत होतो.

५ डिसेंबर
नळी लाल. पांढरं नाही. देव पावला!

९ डिसेंबर
भात अर्धाच खायचा. आणि नेमका आताच घरात नवा चिन्नोर तांदूळ — काय तो वास! अर्धा ताटात सोडून उठलो. गोदावरी लग्नापासून माझ्याच ताटात जेवते. माझा उरलेला संपवला, वर आपलाही वाढून घेतला. म्हणाली, "टाकू कायले? अन्न हाये ना ते!"

२३ डिसेंबर
भोजराजच्या राईस मिलमध्ये धानाच्या काट्यावर बसलो. हमाल हसत होते. भोजराज ओरडला, "काका, हालू नोका, नाही त पोत्यात भरून मोजीन!" पण उतरलो! दोन किलो! येताना शंका आली — काटा खोटा तर नसेल?

२ जानेवारी १९८०
नळी हिरवट. लाल नाही. पायाला मुंग्या मात्र येतात. की येतात असं वाटतं?

१५ जानेवारी
संक्रांत. शेजारून तिळाचे लाडू आले. मी नुसते पाहिले. ही म्हणाली, "तुमचा वाटा मले, तुमचं पथ्य तुमाले!" खाताना हसून ठसका लागला तिला. कासारणीने हिला मोठ्या मापाच्या बांगड्या भरल्या. "सुखाचं अंग हाये, बाई!" म्हणाली. ही लाजली. मी वाळतो आहे, ही भरते आहे. गाव म्हणेल, बाई नवऱ्याला उपाशी ठेवते!

६ फेब्रुवारी
निळी! अगदी निळी! अंगणातून हाका मारून हिला बोलावलं. पाहून म्हणाली, "अवो, आता माही बी पाहा ना. मीच कायले मांगं राहू?" फार हसलो दोघं. गंमत म्हणून उकळली.

७ फेब्रुवारी
हिची लाल. औषध बिघडलं असेल म्हणून आज पुन्हा केली. लालच. नुसती उकळली, तर पांढरी झाली. केव्हापासून असेल! मी आपलीच नळी पाहत बसलो होतो.

हिला सांगताना मलाच रडू आलं. हिनेच मला पाणी आणून दिलं. म्हणाली, "रडता कायले? जाऊ ना उद्या संगं भंडाऱ्याले. पण खिडकीजवळ मी बसीन."

बस, म्हटलं.