माझ्या आवाजात कुणी बोलू नये म्हणून

मी खाली सही करणारी, संगणकावरच्या खेळांतल्या पात्रांना आवाज देऊन पोट भरणारी बाई, विधवा, एका मुलीची आई, आज डोके ठिकाणावर असताना माझ्यामागची व्यवस्था लिहून ठेवत आहे. माझ्यावर कुणाचे दडपण नाही. भीती मात्र आहे, आणि ती लपवून सही केली तर कागद खोटा होईल. उद्या माझ्या घशाचे ऑपरेशन आहे. "घरच्यांशी काय ते बोलून घ्या," असे डॉक्टर म्हणाले तेव्हा ते खिडकीकडे बघत होते.

१. राहते घर सामानासकट माझ्या मुलीला. मोरीतला नळ गळतो, तोही तिलाच. बँकेतल्या ठेवीही तिच्याच.

२. माझा धाकटा भाऊ "हिला बडबडीचे पैसे मिळतात" असे आयुष्यभर चारचौघांत सांगत आला. त्याला माझा जुना रेडिओ. ऐकून घ्यायची सवय या वयातही लागू शकते.

३. माइक, हेडफोन आणि ज्या कपाटात रजया टांगून मी घरचे रेकॉर्डिंग करायची ते कपाट माझ्या ध्वनिमुद्रक मित्राला. कपाट दारातून निघत नाही. कसे न्यायचे ते त्याने बघावे, वाद घालायला मी नसेन.

४. खेळ बनवणाऱ्या कंपनीकडे माझे मरणाचे आवाज आहेत: बुडताना, जळताना, कड्यावरून पडताना. खेळात कोण कसे मरेल याचा नेम नसतो, म्हणून सगळे एकदमच करून घेतात, आणि तेही शेवटी, कारण त्यानंतर घसा बसतो. "बाई, यात जीव नाही, अजून एकदा मरा," असे म्हणत ज्या दिग्दर्शकाने माझ्याकडून दुपारभर किंकाळ्या काढून घेतल्या, त्याला मी माफ केलेले नाही. श्रद्धांजली म्हणून त्यातला एकही आवाज कुणी वाजवू नये. माझी मुलगी तो ओळखेल.

५. आता ज्यासाठी हा कागद केला ते. आमच्या धंद्यात दादा नावाने ओळखला जाणारा एक ज्येष्ठ कलावंत होता. डोंगरातल्या एका खेळात तो वाटाड्याचा आवाज होता. तो गेल्याचे कळले त्या संध्याकाळी ठिकठिकाणचे खेळाडू खेळातल्या खिंडीत जमले. शस्त्रे खाली ठेवली, आपापले माइक चालू केले आणि बटणांवरून हात काढले. त्या खेळात तुम्ही काही न करता नुसते उभे राहिलात, की सोबतचा वाटाड्या थोड्या वेळाने आपणहून बोलू लागतो. त्यांची शोकाची रीत तीच: दादा बोलेपर्यंत थांबायचे. मुलीने मला बोलावून दाखवले. बर्फात माणसेच माणसे, आणि सगळीकडून दादा. "दमलास का? बस जरा." "दार लोटून ठेव, मी आलोच." ज्यांना आम्ही वाया गेलेली पोरे म्हणायचो, त्यांच्याइतक्या अदबीने कुणाला निरोप दिलेला मी आमच्या नात्यागोत्यात पाहिला नाही. मी पोटभर रडले.

मग प्रेम जरा पुढे गेले. त्यांच्यातल्याच काही हुशार मुलांनी दादाची सगळी वाक्ये यंत्राला शिकवली आणि तो आवाज वहिनींच्या, म्हणजे दादाच्या बायकोच्या, फोनवर भेट म्हणून पाठवला. विचारले की तो उत्तर देतो. हेतू कुणाचाच वाईट नव्हता. मला भीती त्याचीच वाटते. वाईट माणसाला दारातून हाकलता तरी येते.

मी वहिनींना भेटायला गेले तेव्हा दार नुसते लोटलेले होते. आत पाऊल टाकले तोच स्वयंपाकघरातून दादाने विचारले, "कोण आलंय गं?"

"ताई आल्यात," वहिनी ओट्यावरच्या फोनला म्हणाल्या.

"बसायला सांग त्यांना. मी आलोच."

दादा उभ्या आयुष्यात मला कधी "त्यांना" म्हणाला नव्हता, "बये" म्हणायचा. वहिनींच्या ते लक्षातही आले नाही.

"बघा, आलोच म्हणतोय," त्या म्हणाल्या. "म्हणून हल्ली कडी लावत नाही मी."

"वहिनी, रात्रीची तरी लावत जा."

"आणि तो बाहेर राहिला तर?"

मी चहा न घेता उठले. त्या दिवसापासून मला शांत झोप नाही.

६. म्हणून माझ्या आवाजात, मी न बोललेले एकही वाक्य कुणी तयार करू नये. कंपनीने नाही, चाहत्यांनी नाही, माझ्या माणसांनी तर नाहीच. खेळाडूंनो, मी तुमच्या खेळातली नावाडीण. जमायचे असेल तर नदीकाठी जमा, हात बाजूला ठेवा, आणि मी खरेच बोलले तेवढे ऐका. "नदी पळून जात नाही, सावकाश चढ." संपले की तेच पुन्हा ऐका. कंटाळा आला तर घरी जा. कंटाळा येणे चांगले.

७. माझ्या मुलीस. परवा तू म्हणालीस, "आई, फोनवर मला एक हाक मारून ठेव ना. एकच." मी तुझ्यावर ओरडले आणि तू न जेवता झोपलीस. तो राग नव्हता गं, मी घाबरले होते. यंत्राला बोट दिले की ते हात धरते. एका हाकेवरून ते पुढचे सगळे शिकेल आणि तू दार लोटून बसशील. तुझे घरचे नाव मी आजवर कुठल्याही माइकसमोर घेतलेले नाही. या कागदावरही ते नाही. मी गेल्यावर माझ्या आवाजात कुणी तुला हाक मारली, तर ओ देऊ नकोस. कडी लाव. सही वाकडी दिसली म्हणून वकिलांनी शंका काढू नये.

ठिकाण: राहत्या घरातले जेवणाचे टेबल
तारीख: ऑपरेशनचा आदला दिवस
सही: (लिहून देणारी)

साक्षीदार:
१. शेजारच्या दंतवैद्य बाई (सही)
२. खालच्या मजल्यावरचे शिंपीकाका (सही)

आम्ही दोघे साक्षीदार असे लिहून देतो की, बाईंनी वरील मजकूर आम्हांला स्वतः वाचून दाखवला आणि आमच्यासमक्ष सही केली. वाचनापूर्वी त्यांनी घरातले सर्व फोन दंतवैद्य बाईंच्या दवाखान्यात नेऊन ठेवायला लावले. सही झाल्यावर त्यांनी मुलीला हाक मारली. ती आली नाही, म्हणून पुन्हा मारली, आणि मग पुन्हा. मुलगी दाराआडच ऐकत उभी होती, हे आम्हांला दिसत होते. कोणत्या नावाने हाक मारली, ते आम्ही येथे लिहीत नाही.