कुंडावर बाहेरच्यांना बंदी

३ जानेवारी २०२५, शुक्रवार
कुंडात साबण! पाय सोडायला बसले तर फेस तरंगतोय. पलीकडे चार पोरं शाम्पू लावून डोकी धूत होती, वर मोबाइलवर गाणी. बोलले तर एक म्हणाला, "आंटी, पब्लिक प्लेस है." माझ्याच भिवंडीची होती मेली, बोलण्यावरून कळलं. लाज वाटली.

अकलोलीच्या पुढे नदीकाठी हे एवढंसं गरम पाण्याचं कुंड. तीस वर्षं येतेय. शुक्रवारी यंत्रमाग बंद, म्हणून माझे मिस्टर, दाऊद, मला स्कूटरवर घेऊन यायचे. ते गेल्यापासून एसटीने एकटी येते. भिवंडीत आमच्या नारपोलीला दिवसभर लूमचा खडखडाट, पण माझ्याशी बोलणारं कुणी नाही. इथे निदान राहीबाई आहे. काठालाच तिचं घर. गुडघे दुखले की तीही पाय शेकत बसते.

१० जानेवारी
आज बारा गाड्या. राहीबाईला बसायला जागा नाही — स्वतःच्या गावात! म्हणाली, "बाय, कोनीतरी व्हिडिओ टाकला न आमचं वाटोळं झालं. तू शाळंत क्लार्क होतीस, अर्ज लिव ना. सव्वीसला ग्रामसभा हाय."
लिहिते म्हटलं. बघतेच आता एकेकाला.

११ जानेवारी
अर्ज दोनदा फाडला. ‘पर्यटकांना बंदी’ लिहिलं तर उद्या कुणीही म्हणेल, मी पर्यटक नाही, पाय शेकायला आलोय. म्हणून लिहिलं — ‘गावाबाहेरील कोणत्याही व्यक्तीस, कोणत्याही कारणास्तव, कुंडावर प्रवेश देण्यात येऊ नये.’ घ्या आता. एकोणतीस वर्षं हेडमास्तरांची पत्रं लिहिली, माझ्या मसुद्यात पळवाट सापडली नाही कुणाला.
बऱ्याच दिवसांनी दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२६ जानेवारी
राहीबाईचा फोन. ठराव मंजूर, एकमताने. माझा कागद जसाच्या तसा घेतला! शेजारच्या अदीबाला सांगायला गेले. ती टीव्ही बघत होती. "अच्छा," म्हणाली. परत आले.

३१ जानेवारी
ताप. शुक्रवार वाया.

७ फेब्रुवारी
वाटेवर लोखंडी फाटक. राहीबाईचा मुलगा मनोज खुर्ची टाकून बसलेला. मला बघून उठला.
"काकी, आधार कार्डावर गावाचा पत्ता लागतो."
मी हसले. तो हसला नाही.
"अरे, मला ओळखत नाहीस?"
"वलखतो ना. फाटक बसवलं तवा इचारलं मी, शकिलाकाकीचं काय? सरपंचांनी तुमचा कागूद परत वाचला. म्हनले, कोनत्याही कारणास्तव लिवलंय. सोडायला जागाच न्हाय."

खरं सांगते, मसुद्यात पळवाट नाही म्हणून क्षणभर बरंच वाटलं. मग फाटक धरून उभी राहिले. आत वाफ दिसत होती. चिटपाखरू नव्हतं. मला हवं होतं तसं, अगदी तसं.

राहीबाई धावत आली. मुलाला ओरडली. फाटकाच्या बाहेर येऊन माझ्याजवळ धुळीत बसली. एसटी येईपर्यंत दोघी बसलो.

१२ फेब्रुवारी
गावच्या लेकी-जावयांनाही फाटकात अडवलं म्हणे, बोंबाबोंब झाली. म्हणून ग्रामपंचायतीने फॉर्म काढलाय — नातं लिहा, परवानगी मिळेल. राहीबाईने मनोजच्या हाती मला एक पाठवला. "आई बोलते, काय पन लिवा, पन या," म्हणाला आणि गेला.

१३ फेब्रुवारी
‘गावाशी नाते’ — रकाना एवढासा. माहेर नाही, सासर नाही, जमीन नाही. राहीबाईची मैत्रीण लिहावं, तर ते नात्यात बसत नाही. अख्खी सकाळ पेन हातात धरून बसले.
शेवटी लिहिलं, ‘पर्यटक’. अक्षर नेहमीसारखंच सुरेख आलं.