आईचं पितळी पातेलं

विनीताई,

आणि वर मलाच विचारतेस, "एका पातेल्यासाठी किती भांडशील?" अगं, ते आईचं पितळी पातेलं आहे. दरवर्षी ब्लॅकबेरीचा जॅम ती त्यातच करायची. तू ते लंडनला तुझ्या रेडिओच्या नोकरीवर, आवाज काढायला म्हणून नेलंस आणि तिथेच ठेवून घेतलंस. पोरांच्या गोष्टींना संगीत द्यायला पियानो नव्हते का तिकडे?

मंगळवारी मात्र गंमत झाली. इथे स्कॉटलंडात, धरणाच्या कामावर, कँटीनमध्ये चहा पीत होतो. आचाऱ्याची मुलगी मोरॅग रेडिओला कान लावून बसली होती. गोष्टीतला देवमासा आईला हाक मारत होता. लांबलचक, कापरा आवाज. कुठल्याच वाद्याचा नव्हे. माझा कप हातातच राहिला. लहानपणी मी आपटून पोचा पाडला, तेव्हापासून ते पातेलं वाजवलं की असंच थरथरतं.

तू सांगितलं होतंस, पातेलं वाजवून टेपवर घ्यायचं, सुरुवातीचा ठोका ब्लेडने कापून टाकायचा आणि उरलेला नाद संथ करून लांबवायचा. मी हसलो होतो, "याचा पगार देतात?"

मोरॅगने विचारलं, "मासा रडतोय का?"

"नाही गं, आमच्या स्वयंपाकघरातून बोलतोय."

"थापाड्या!" म्हणाली, पण आवाज वाढवला.

हे पत्र टाकायला लाज वाटते, बहुतेक खिशातच राहील. ते पातेलं आता तुझ्याकडेच असू दे. आईला नवं घ्यायला आजच मनीऑर्डर करतो.

तुझा भांडखोर भाऊ,
सिरिल

ता.क. आईला मनीऑर्डर केली: तीन पौंड.