हेंगजूच्या गडावर मी उष्टं केलेलं बोर

ब्रॅकनेल, बुधवार

ती. मालविकाआत्या,

साष्टांग नमस्कार. (मनातल्या मनात. ही भाड्याची रूम एवढीशी आहे की खरा घातला तर पाय लँडिंगवर जातील.) तुमचा गुडघा कसा आहे? जीपी डॉक्टरची अपॉइंटमेंट मिळाली, की अजून रोज सकाळी आठला फोनच्या क्यूमध्ये एकोणिसाव्या आहात?

मी मजेत. म्हणजे आईला सांगितलंय तशी नाही. आईच्या मते मला ऑफिसने कोरियाला ट्रेनिंगला पाठवलं होतं. मी फेब्रुवारीतच नोकरी सोडली, हे फक्त तुम्हाला माहितीये. दोन वर्षं दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधल्यावर मला जरा स्वतःच्या करायच्या होत्या. त्यातली पहिली म्हणजे माझी कादंबरी. माणसं नाहीत, फक्त भिंती. कोरियात जिथे जिथे लोकांनी शत्रू अडवला त्या सात गडांच्या तटबंद्या. संवाद नाहीत, क्रियापदंही नाहीत. (तुम्ही विचारलं होतंत, "मग वाचणारे तरी असणार का गं?" तेव्हा मी हसले होते.) ती पूर्ण करून आईच्या हातात द्यायची आणि मग खरं सांगायचं, असा प्लॅन.

पहिला गड हेंगजू, सोलच्या जवळच. चारशे तीसएक वर्षांपूर्वी जपानी फौज चालून आली तेव्हा मूठभर लोकांनी तो राखला, आणि बायकांनी म्हणे कमरेच्या वस्त्राच्या ओच्यातून दगड वाहून नेले. आता गड म्हटल्यावर मराठी माणूस काय करतो? पहाटे उठतो. मी हेडटॉर्च, दोन काठ्या, नी-कॅप आणि तीन लिटर पाणी घेऊन सहाला पायथ्याशी हजर. गेट नऊला उघडलं. चढायला बारा मिनिटं लागली, तीही वाटेत मला ओव्हरटेक करणाऱ्या आजोबांना गुड मॉर्निंग म्हणत. वर तटबंदी कुठे दिसेना. शेवटी कळलं की मी जिच्यावर बसून सँडविच खाल्लं तीच. मातीची होती. (मी दगडावर चाळीस विशेषणं तयार करून नेली होती.)

खाली आले तर लढलेल्यांच्या स्मारकापाशी वर्षाचा विधी चाललेला. झगे घातलेले पुरुष, उदबत्त्या, आणि बाजूला पांढऱ्या कापडावर फळं, भाताचे केक, लाल सुक्या बोरांचे मनोरे. लोक रांगेत उभे. रांग, उदबत्ती आणि ताट एकत्र दिसल्यावर माझं डोकं चालायचं बंद होतं, हात चालतो. चपला काढल्या (बाकी सगळे बुटात), डोळे मिटले, एक बोर उचललं, कपाळाला लावलं आणि अर्धं खाल्लं.

डोळे उघडले तर समोर एक बाई. पाकबाई (पाक हे आडनाव), सगळा स्वयंपाक त्यांच्याकडे. काहीतरी बोलल्या. मी फोनवरचं भाषांतराचं ॲप पुढे केलं. त्यावर आलं, "ते अजून जेवलेले नाहीत." मला वाटलं व्हॉलंटियर्सबद्दल चाललंय. मी टाइप केलं, "काही घाई नाही, मी थांबते." त्यांनी स्मारकाकडे बोट दाखवलं.

आत्या, मी नैवेद्य उष्टा केला होता. आणि घाबरून उरलेलं अर्धं बोर परत मनोऱ्यावर ठेवलं.

पाकबाई ओरडल्या नाहीत. अख्खा मनोरा उतरवला, अर्धं बोर माझ्या हातात दिलं आणि एकेक बोर पुसून पुन्हा रचायला बसल्या. मध्येच माझ्याकडे बघायच्या. ती नजर मी रीडिंगला आमच्या घरच्या किचनमध्ये बावीस वर्षं पाहिलीये. सगळ्यांचं झाल्याशिवाय स्वतः न बसणाऱ्या बाईची. विधी संपल्यावर त्यांनी मला शोधून काढलं, ओंजळ भरून खाऊ दिला आणि ॲपमध्ये म्हणाल्या, "आता खा. किती बारीक आहेस. आईला माहितीये का तू इथे आहेस?"

मी केक तोंडात कोंबला. उत्तर द्यायला नको म्हणून.

तुमची,
ईशानी

ता. क. कादंबरीची पानं झाली अकरा. बाकीचे सहा गड पाहिलेच नाहीत, चार दिवस पाकबाईंच्या मागे किचनमध्ये भांडी पुसत होते. क्रियापदं परत आली आहेत.

ता. क. दुसरा. पत्र खरं म्हणजे यासाठी: पुस्तक होईपर्यंत थांबणं मला जमणार नाही. रविवारी रीडिंगला जाऊन आईला सांगणार आहे. तुम्ही याल? बोलू काही नका. फक्त आमच्या मध्ये बसा.

ता. क. तिसरा. पाकीट बंद करणार तेवढ्यात आईचा फोन. म्हणाली, "मार्चमध्ये तुझ्या ऑफिसात डबा द्यायला गेले होते. रिसेप्शनवरची मुलगी म्हणाली, शी लेफ्ट. मालविकाताईंना विचारलं तर म्हणाल्या, तिला स्वतःहून सांगू दे." (आत्या! तीन महिने!) मग म्हणाली, "लिही काय लिहायचं ते, फक्त मला त्यात घालू नकोस."

अकरापैकी सात पानं तिच्यावर आहेत. तेव्हा रविवारी याच.